उसाच्या लायनीतली कन्याकुमारी

"आता गाडी थांबंल ती समुद्रात चाकं भिजल्यावरच!" काटेवाडीच्या चौकात नारळ फोडता फोडता सावळारामतात्यांनी जाहीर केलं.

टाळ्या पडल्या. लीलाबाईंनी टाळी वाजवली नाही. एक तर त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता. आणि दुसरं म्हणजे, हे भाषण त्यांनी आधी ऐकलेलं होतं. तेव्हा समुद्राच्या जागी महाबळेश्वर होतं, एवढाच काय तो फरक.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तात्या त्यांना नव्या फटफटीवरून महाबळेश्वरला घेऊन निघाले होते. अंगात सासूबाईंनी विणलेला स्वेटर, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि फटफटीची चेन तुटली सांगवीत! नवी चेन पुण्याहून यायची होती. ती येईपर्यंत मुक्काम तात्यांच्या सांगवीच्या आत्याकडे. आत्याबाई नव्या सुनेला रिकामं बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या. लीलाबाईंचं महाबळेश्वर भुईमुगाच्या शेंगा फोडण्यात पार पडलं. पुढे जुनी जीप घेतली तेव्हा तिरुपती ठरलं. ते निमगाव केतकीच्या पानमळ्यांपर्यंत पोचलं. मग टेंपो आला आणि गोवा ठरला. तो टेंपो इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर आचके देऊन मेला. लीलाबाईंच्या डोक्यातला भारताचा नकाशा हा असा होता. सांगवी म्हणजे महाबळेश्वर, निमगाव केतकी म्हणजे तिरुपती, आणि इंदापूर स्टँडवर उकाळा प्यायचा तो गोवा!

कन्याकुमारी मात्र त्यांची स्वतःची होती. जन्मभर त्यांनी उसातून उगवणारा सूर्य पाहिला होता. तो उगवायच्या आत उठून सडा घातला होता, धारा काढल्या होत्या, डबे भरले होते. सूर्य वर येई तेव्हा त्यांच्या हातात कायम काहीतरी असे आणि पाठ पूर्वेकडे असे. एकदा फक्त, रिकाम्या हातांनी, पाण्यातून वर येणारा सूर्य बघायचा होता. एवढीच मागणी. ती त्यांनी मुलगा नोकरीला लागल्यावर मांडली, नातवंडं झाल्यावर मांडली, आणि तात्या कारखान्याची निवडणूक मोहनरावांकडून हरून घरात तोंड पाडून बसले होते तेव्हा परत मांडली. पडलेल्या उमेदवाराला वेळच वेळ असतो. या खेपेला ती मंजूर झाली.

"पर साधंसुधं न्हाय जायचं," तात्या मोबाइलवरचे प्रवासाचे व्हिडिओ बघून बघून लालबुंद झालेले डोळे चोळत म्हणाले. "ओव्हरलँड जायचं!"

"म्हंजे कसं?"

"म्हंजे रस्त्यानं. गाडीतच झोपायचं, गाडीतच खायचं."

"मग आजवर काय आपण इमानानं जात हुतो?"

तात्यांनी शाळेची मुलं वाहून म्हातारी झालेली एक गाडी आणली. पिवळा रंग खरवडून पांढरा दिला, तरी मागच्या दारावरचं 'सावकाश, मुले आहेत' हे काही केल्या जाईना. आत लोखंडी खाट ठोकली, गॅसची शेगडी ठेवली, लीलाबाईंच्या जुन्या पातळांचे पडदे लावले. नळाला म्हणून ठिबकची नळी फिरवली. अंघोळीसाठी फवारणीचा पाठीवरचा पंप! एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळीखाली उभं राहायचं. "शॉवर!" तात्या अभिमानाने म्हणाले. या शॉवरने आजवर मावा आणि तुडतुडे मेलेले होते, हे लीलाबाईंनी बोलून दाखवलं नाही. पंप मात्र त्यांनी राख लावून चार वेळा घासून घेतला.

चौकात फ्लेक्सही लागला. 'कन्याकुमारी मोहिमेचे शिलेदार!' तात्या गॉगल लावून क्षितिजाकडे बघतायत. शेजारी लीलाबाई. त्यांचा फोटो कुणाच्यातरी हळदीकुंकवाच्या घोळक्यातून कापलेला, त्यामुळे खांद्यावर एक बांगड्या घातलेला अनोळखी हात तसाच राहिला होता. खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. मोहीम दोघांची आणि तोंडं अख्ख्या गावाची!

पुण्याहून ऋषिराजचा, म्हणजे मुलाचा, फोन आला. "तात्या, निघताना पंपावर टाकी फुल करा."

"पंपावर कशाला? आपल्या ट्रॅक्टरच्या बॅरलमधलं डिझेल हाय की! क्यान भरून घेतलाय. घरचं डिझेल ते घरचं!"

जसं काही ते गोठ्यात धार काढून मिळतं!

तर डिझेलचा कॅन भरला गेला. तो गोडेतेलाचा पांढरा कॅन. आणि त्याच्या शेजारी तसलाच दुसरा कॅन, काकवीचा. आताच्या गुऱ्हाळाची, ताजी, मधासारखी काकवी. बारा दिवस भाकरीशी खायला, आणि उरली तर तिकडच्या लोकांना द्यायला. त्यांना बिचाऱ्यांना काकवी कुठली मिळायला? दोन कॅन सारखेच, म्हणून लीलाबाईंनी काकवीच्या कॅनच्या गळ्यात लाल चिंधी बांधली. गोडाधोडाची, शुभाची खूण. आता यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. तात्या कुणीही नव्हते.

भल्या पहाटे गाडी निघाली. धुकं असं की पुढचा रस्ता आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. लीलाबाई मागे खाटेवर गोधडीत गुरफटून पडल्या होत्या. शेळगावच्या अलीकडे डिझेलचा काटा खाली गेला. तात्यांनी गाडी कडेला घेतली आणि कानटोपी, मफलर, नाकाला चोळलेला बाम अशा सरंजामात खाली उतरले. मोबाइलच्या उजेडात दोन कॅन दिसले. एकाला लाल चिंधी. लाल म्हणजे धोका. धोका म्हणजे पेटणारं. पेटणारं म्हणजे डिझेल! इतका सरळ विचार त्यांनी निवडणुकीत केला असता तर आज संचालक असते.

"अगं ए!" बाहेरून हाक आली. "बघ की, थंडीनं डिझेल गोठाया लागलंय! कसं दाट पडतंय बघ! लडाखला अस्संच हुतंय!"

"बरं," गोधडी म्हणाली.

"नशीब लागतं असलं डिझेल वताया!"

गाडी सुरू झाली. शेळगावच्या वेशीपर्यंत तिने नेटाने मान वर ठेवली. मग एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि ज्याला जेवायला बोलावलं नाही अशा पाहुण्यासारखी रुसून बसली, ती बसलीच.

तात्यांनी बॉनेट उघडलं. आत पाहिलं. बंद केलं. ओव्हरलँडवाले असंच करतात.

"शेळगाव आलं का?" लीलाबाईंनी पडदा सारून विचारलं. "मला वाटलंच. शेळगाव राहिलं हुतं अजून. आता ह्येला रामेश्वर म्हणायचं का मदुराई?"

तेवढ्यात धुक्यातून ढोलाचा दणदणाट ऐकू यायला लागला. मागोमाग ट्रॅक्टर दिसला. त्याच्या इंजिनापेक्षा त्याचे स्पीकर मोठे होते, आणि मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, नऊवारी नेसलेल्या जाड्या बायकांसारख्या डुलत. ट्रॅक्टरवर म्हस्कू. तात्यांच्या ओळखीचा, ओळखीचा म्हणजे निवडणुकीत मटण खाऊन गेलेला.

"काय तात्या, कन्याकुमारी?"

"जरा थांबलोय. निसर्ग बघाया."

म्हस्कूने चारी बाजूंच्या धुक्याकडे पाहिलं. "गाडी बंद पडली व्हय! बांधा मागं, कारखान्यावर नेतो."

"शेळगावात फिटर न्हाय का?"

"सीजन हाय तात्या! समदं फिटर कारखान्यावर. हितं आज पंक्चरवाला बी गावायचा न्हाय."

"अरं पर कारखाना उलटीकडं! काटेवाडी वलांडून जावं लागंल!"

"मग काय झालं? वळखीचाच रस्ता हाय की!"

ओळखीचा होता, तीच तर अडचण होती. पण उसाच्या दोरखंडाने गाडी बांधली गेली आणि मोहिमेचं तोंड काटेवाडीकडे वळलं. तात्यांना कुठेतरी लपायचं होतं. पण ओढत न्यायच्या गाडीचं स्टिअरिंग कुणीतरी धरावं लागतं. त्यांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली, मफलर डोळ्यांपर्यंत चढवला. मधल्या फटीतून ते रस्ता बघत होते, आणि काचेवर उसाची वाढी, म्हणजे शेंड्याची हिरवी पाती, झाडूसारखी सपासप फिरत होती.

"तोंड झाकून काय उपेग?" लीलाबाई म्हणाल्या. "गाडीला रंग समद्या गावानं दिलाय."

म्हस्कूला विनवलं असतं तर त्याने गाणी बंद केली असती. पण त्याला ऐकू जायला आधी गाणी बंद व्हायला हवी होती. दणदणाट करत वरात काटेवाडीच्या चौकात शिरली. दात घासणारे ब्रश तोंडात ठेवून थांबले. डेअरीच्या रांगेतली माणसं किटल्या खाली ठेवून वळली. वर फ्लेक्सवर तात्या गॉगलमधून क्षितिजाकडे बघत होते आणि खाली तात्या दोरखंडाला बांधलेले, क्षितिजाच्या विरुद्ध दिशेने चाललेले!

चहाच्या टपरीवरून अप्पा ओरडला, "तात्या! बघून झाली एवढ्यात कन्याकुमारी?"

"चष्मा राह्यला घरी!" तात्या मफलरमधून ओरडले.

"मग घर गेलं की मागं!"

अप्पा काही सोडेना. ट्रॉलीच्या वेगाने माणूस चालत सुद्धा बोलू शकतो.

"आन् उसाच्या मागं का बांधून घेतलंय?"

"डिझेल वाचतंय!"

लीलाबाईंनी पडदा पूर्ण सारला आणि खिडकीतून सगळ्यांना हात जोडले. लग्नात वरातीत मान खाली घालून बसावं लागलं होतं. या वरातीत त्यांनी सगळं नीट बघून घेतलं.

कारखान्यावर पोचेस्तोवर ऊन आलं होतं. आवारात ट्रॅक्टर, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या यांची लायन लागलेली. पाचटाच्या शेकोट्या धुमसत होत्या, आणि सगळीकडे उकळत्या रसाचा गोड, करपट वास. म्हस्कू सरळ लायनीत घुसला. त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे मोहीम, आणि मोहिमेच्या मागे लगेच दुसरा उसाचा ट्रॅक्टर येऊन चिकटला.

"अरं, आमाला सोड की बाजूला!"

"आता कसं सोडू तात्या? मागं लायन लागली. आता वजनकाट्यापातुर असंच."

"कवा येईल वजनकाटा?"

"लवकरच. परवा लय येळ लागला हुता, काल कमी लागला."

म्हस्कूने भिमा फिटरला हाक मारून आणलं. भिमाने बॉनेट उघडलं नाही, टाकी उघडली नाही. पान्ह्याने गाडीला दोन-तीन ठिकाणी ठोकलं, डॉक्टर पोटावर ठोकतात तसं, आणि निदान केलं. "सेन्सर गेलाय."

"कंचा सेन्सर?"

"असतंय एक."

"ह्यो गोड वास कसला येतोय गाडीला?" लीलाबाईंनी विचारलं.

"काकी, साखर कारखान्यात गोड वास न्हाय येणार तर काय कांद्याचा येणार?" भिमा म्हणाला आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला ठोकायला निघून गेला.

लीलाबाईंना भूक लागली होती. त्यांनी भाकरी काढली, ताटलीत मोडली, आणि बिनचिंधीचा कॅन बाजूला करून चिंधीवाला उचलला. तो हाताला हलका लागला. उलटा केला, तर शेवटचे दोन थेंब, दाट, सोनेरी, सावकाश खाली आले. मग त्यांनी दुसरा कॅन उघडून हुंगला. भरलेला होता. डिझेल!

'कसं दाट पडतंय बघ!'

लीलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. खाट हलायला लागली. तात्यांनी बाहेरून विचारलं, "थंडी वाजतीय का गं?"

"व्हय!" एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

सांगणारच होत्या. पण तेवढ्यात पांढरी गाडी आली, आणि तिच्यातून पांढऱ्या कपड्यातले मोहनराव उतरले. संचालक. तात्यांना पाडणारे तेच हे मोहनराव. सकाळच्या फेरीला आलेले.

"सावळारामराव! तुमी तर कन्याकुमारीला ना? आमी शुभेच्छुकात फोटू दिलाय की!"

लायनीतल्या ड्रायव्हरांनी माना वळवल्या. शेकोटीपाशी बसलेले उठले. खरं सांगावं तर, गाडी बंद पडली, ढकलायला चार माणसं द्या, एवढ्या दोन वाक्यांचं काम होतं. पण पडलेल्या उमेदवाराला पाडणाऱ्यासमोर ती दोन वाक्यं बोलता येत नाहीत. तात्यांनी मफलर सोडला, छाती पुढे काढली. तोंड डोक्याच्या पुढे धावलं.

"कन्याकुमारी काय पळून जातीय? आदी ह्या माणसांचं बघू म्हटलं! थंडीत कुडकुडत बसल्यात, ना च्या, ना पाणी, ना अंघुळीची सोय! जवर ह्यांची सोय हुत न्हाय तवर ही गाडी हितनं हलणार न्हाय!"

शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. तात्यांच्या सार्वजनिक आयुष्यातलं कदाचित पहिलंच.

मग म्हस्कूने शिट्टी मारली. "तात्यांचा इजय असो!" पाठोपाठ अख्खी लायन ओरडली. कुणीतरी मोबाइल वर धरला. म्हस्कूच्या स्पीकरला माइक जोडला गेला. ज्याच्यावर पहाटेपासून ढोल वाजत होते त्याच्यावर आता तात्या वाजायला लागले.

"सहकुटुंब आलोय मी! घरदार सोडून! आमच्या मंडळींनी सौताहून सांगितलं, म्हणाल्या, कन्याकुमारी नको, आदी ही माणसं!"

सगळे खिडकीकडे वळले. ताटलीत मोडलेली कोरडी भाकरी घेऊन मंडळी बसल्या होत्या. मंडळींच्या चेहऱ्यावर जे भाव होते, त्याला लोकांनी त्याग समजलं.

मग काय! कुणी झेंडूचा हार आणला. बैलगाडीवाल्यांच्या बायका येऊन लीलाबाईंच्या पाया पडल्या. तात्यांनी माइकवरून घोषणा केली की आंदोलनाची सुरुवात सेवेने होईल. सेवा म्हणजे लीलाबाई! शेगडी पेटली. बारा दिवसांची चहा-साखर दुपारपर्यंत लायनीच्या घशाखाली गेली. लाडू गेले, चकल्या गेल्या, दक्षिणेत अडीअडचणीला लागेल म्हणून घेतलेला मेतकुटाचा डबासुद्धा गेला. आणि शॉवर! गरम पाण्याच्या शॉवरची बातमी लायनीत शेवटपर्यंत पोचली. टॉवेल खांद्यावर टाकून ड्रायव्हर उभे राहिले. तात्या स्वतः पंपाचा दांडा मारत होते आणि बातमी ऐकून आलेले पत्रकार फोटो काढत होते. लोकनेता कष्टकऱ्यांना न्हाऊ घालतोय!

"अहो," लीलाबाई हळूच म्हणाल्या, "आपलं पुढचं काय?"

"पुढचं? अगं, जिल्ह्याला नाव गेलं माझं! पुढची निवडणूक..."

"कन्याकुमारीचं इचारतीय मी."

"पुढच्या हिवाळ्यात!" तात्या म्हणाले आणि दांडा मारायला धावले.

लीलाबाई खाली बसल्या. हे दोन शब्द त्यांनी फटफटीवर ऐकले होते, जीपमध्ये ऐकले होते, इंदापूर स्टँडवर उकाळा पिताना ऐकले होते. तेव्हा त्यांच्या वेणीची जाडी मनगटाएवढी होती. आता अंबाडा बांधायला गंगावन लागत होतं. पुढचा हिवाळा म्हणे!

दुपारनंतर मोहनराव परत आले. हंगामात तमाशा नको म्हणून त्यांनी हात जोडून सांगून टाकलं, "मान्य! चहाची टपरी देतो, पाण्याची टाकी देतो. मिटवा!"

टाळ्या पडल्या. तात्यांचा चेहरा मात्र पडला. आंदोलन मिटलं की गाडी हलवावी लागणार!

"एवढ्यानं भागत न्हाय! शेड पायजे!"

"शेड बी देतो."

"बैलांना झुली पायजेत!"

"झुली देतो!"

"प... प्रत्येकाला एक घोंगडी!"

"तात्या, घोंगडी आमच्याकडं हाय," म्हस्कू मध्येच म्हणाला.

"तू गप रं! मला म्हाईत हाय तुला काय पायजे ते!"

मोहनरावांनी डोळे बारीक केले. "सावळारामराव, गाडी बंदबिंद पडलीय का काय? वर्कशॉपची माणसं बोलावू का?"

"बंद?" तात्या असे ओरडले की स्पीकर किंचाळला. "आंदोलनाची गाडी बंद कशी पडंल? आता चावी मारली तर उडंल!"

"मग मारा बघू!"

"तत्त्वाला धरून मारत न्हाय!"

एवढ्यात लायन पुढे सरकली. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, त्यांच्यामागे दोरखंडाला बांधलेलं तत्त्व आणि त्याच्या पायरीवर उभे तात्या, सगळं मिळून वजनकाट्यावर चढलं. काट्यावरच्या क्लार्कने खिडकीतून डोकं काढलं. "ह्यो मागचा डबा कुणाचा? आन् वरचं माणूस उतरवा की! म्हस्कू, तात्यांचं वजन उसात धरू का पाचटात?"

लायन हसली. एवढीशीच हसली, पण तात्यांच्या कपाळावर घाम आला. पुढे गव्हाण दिसत होती. तिथे ऊस कारखान्याच्या पोटात पडतो. आंदोलनही आता तिकडेच चाललं होतं. ते घाईघाईने आत शिरले आणि त्यांनी पडदा ओढला.

"काय करू गं? सेन्सर गेलाय म्हणतोय भिमा."

"सेन्सर न्हाय," लीलाबाई म्हणाल्या. "टाकीत काकवी हाय."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चिंधीकडे पाहिलं. मग परत त्यांच्याकडे. तोंडाची उघडझाप झाली, पण एकही मागणी बाहेर पडेना.

"लडाखचं डिझेल," लीलाबाई म्हणाल्या. "नशीब लागतं वताया."

"हळू बोल! माइक चालू हाय का बघ! अगं, बाहेर कळलं तर गाव जगू देणार न्हाय! अप्पा तर पिढ्यान् पिढ्या सांगंल!"

"सांगंलच की. मी सुदा सांगणार हाय. बोलवू मोहनभावजींना?"

"लीला!" तात्यांनी हात जोडले. लग्नात सप्तपदीला सुद्धा इतके नीट जोडले नव्हते. "काय म्हणशील ते!"

"दौंडवरनं गाडी हाय. कन्याकुमारीपातुर. ऋषिराजला फोन लावा, म्हणावं, आईचं तिकीट काढ."

"आन् माझं?"

"तुमी आंदोलनात हाय ना?"

"एकटी जाशील?"

"शेंगा फोडताना एकटीच हुते की."

तात्यांनी फोन लावला. लीलाबाईंनी पदर सारखा केला, खाली उतरल्या आणि मोहनरावांपाशी गेल्या. "भावजी, एक सांगू? ह्या सोयींवर एक समिती नेमा आन् ह्यांना तिचा अध्यक्ष करा. आन् ही गाडी आवारातच ठेवा, समितीचं हापिस म्हणून. सीजन संपंस्तोवर हितंच बसतील, लक्ष ठिवतील."

सीजन संपेपर्यंत विरोधक आवारात, नजरेसमोर, एका डब्यात बंद! मोहनरावांचे डोळे लकाकले. "वैनी, तुमी निवडणुकीला का न्हाय हुबं राह्यला?"

"वेळ कुठं मिळाला?"

गुलाल उधळला गेला. अध्यक्षांची गाडी अध्यक्षांनी चालवायची नसते, म्हणून चाळीस-पन्नास हातांनी ती मानाने ढकलत लिंबाखाली नेली. तात्या आत उभे राहून हात हलवत होते. गाडी चालू आहे की बंद, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि लीलाबाई निघाल्या. एक पिशवी, एक शाल. दौंडला गाडी आली, ती निघाली, आणि काय आश्चर्य, ती चालतच राहिली! कुर्डुवाडी गेलं, सोलापूर गेलं. रात्री दोनदा त्या दचकून उठल्या, गाडी थांबली की काय म्हणून. थांबली होती, स्टेशन होतं. इतर लोक प्रवास असा करतात तर! शेजारच्या बाईने विचारलं, "एकट्याच? मालक?" लीलाबाई म्हणाल्या, "ते ओव्हरलँड येतायत."

कन्याकुमारीला पहाटे त्या सगळ्यांच्या आधी घाटावर जाऊन उभ्या राहिल्या. समोर अंधारात नुसता पाण्याचा आवाज. हातात काही नव्हतं. सडा नाही, चरवी नाही, डबे नाहीत. पूर्वेला राखाडी झालं, मग गुलाबी झालं. समुद्राच्या पलीकडच्या कडेवर एक लाल रेघ उमटली. लीलाबाई एक पायरी पुढे सरकल्या.

"अय्या! काकी! तुमी कारखान्याच्या आंदोलनवाल्या न्हवं?"

मागे बस उतरली होती. अख्खी बस इंदापूरची! स्वेटर, कानटोप्या, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

"त्याच त्या! व्हिडिओत भाकरी घिऊन बसलेल्या!"

"तात्यांनी लय मोठं काम केलं काकी! कन्याकुमारी सोडली माणसांसाठी!"

"व्हय व्हय, लय मोठं," लीलाबाई मान न वळवता म्हणाल्या. "जरा थांबा, सूर्य..."

"सूर्य मागं येऊ द्या की! फोटूत झ्याक दिसंल! काकी, वळा हिकडं! ए, मागच्यांनो, खाली बसा! काकी, हसा की जरा!"

बसमधल्या दोघींनी दंडाला धरून त्यांना वळवलं. पाठ पूर्वेला. कुणाचा तरी बांगड्यांचा हात खांद्यावर पडला. एक फोटो, मग त्या दोघींतल्या एकीच्या जावेबरोबर एक, मग डोळे मिटले म्हणून परत एक, मग सगळ्यांचा मिळून एक.

लीलाबाई वळल्या तेव्हा सूर्य पाण्यापासून चांगला वर आलेला होता.

पिशवीतला फोन वाजला. तात्या होते. "काय गं, दिसला का सूर्य?"

"थांबा," लीलाबाई म्हणाल्या. "फोटूत बघून सांगते."